लेकुरवाळीची बरणी

छबुबाईने ओढ्यातला दगड एका हाताने कलता केला, दुसरा हात खाली घातला, खेकडा नेमका पाठीवर धरून वर काढला, उताणा करून पाहिला आणि परत पाण्यात सोडून दिला. दगड होता तसा बसवला. मग लुगड्याचा ओचा सावरून ती पुढच्या दगडाकडे वळली.

काठावर बादली धरून तिची सून वनमाला उभी होती. ती म्हणाली,

"आत्याबाई, सोडला कावून?"

"लेकुरवाळी व्हती."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? पदराखाली लेकरं व्हती तिच्या. तसली धरू न्हाई."

वनमालाने बादली खाली ठेवली. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवत होती, आणि तिथलं दोन कपाटांचं संग्रहालयही तिच्याच ताब्यात होतं. खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली रुंद झडप असते, तिच्या आत ती अंडी आणि नंतर पिलं सांभाळते, हे ती दरवर्षी फळ्यावर चित्र काढून समजावून सांगायची. त्या झडपेला आपली सासू पदर म्हणते, हे मात्र तिला आज कळत होतं.

"आजवर कधीच न्हाई धरली?"

"न्हाई."

"मी बादली पाठवायची तवा बी?"

"तू खेकडे मागितले, म्या खेकडे दिले. लेकुरवाळी मागितली व्हती का तू?"

मागितली नव्हती. वनमाला जवळच्या खडकावर बसली. खडक ओला होता, साडी भिजली, तरी ती उठली नाही.

गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. पावसाळा लागला की वनमाला नवऱ्याबरोबर, तानाजीबरोबर, तांबडेवाडीला बादली पाठवायची. छबुबाई शेरडं चारता चारता सायाळओढ्यातले खेकडे धरून ठेवायची आणि तानाजी मोटारसायकलच्या हँडलला बादली अडकवून ती अंबाजोगाईला आणायचा. तिथे ते खेकडे स्पिरिटच्या बरण्यांत जात. प्रत्येक बरणीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पडे, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. ठिकाण : सायाळओढा, तांबडेवाडी. नर किंवा मादी. तारीख. संकलक : छबुबाई. सासूचं नाव कॉलेजातल्या कपाटात लागलं याचा वनमालाला अभिमान होता. तो ती चारचौघांत बोलूनही दाखवायची. ओढ्यावर मात्र ती एकदाही आली नव्हती. पेपर असायचे, परीक्षा असायच्या, आणि खरं सांगायचं तर चिखलात उतरायची हौसच नव्हती. घरबसल्या बादली येत होती.

त्या बरण्यांवरून तिने एक लेख लिहिला. बालाघाटच्या डोंगरातच सापडणाऱ्या लहान, तांबूस खेकड्यावरचा. लेख चांगल्या नियतकालिकात छापून आला, स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. त्यात एक वाक्य होतं : "सायाळओढ्यात पिलांसह मादी आजवर एकदाही नोंदली गेलेली नाही, हा ओढा या जातीचे प्रजननस्थळ नसावे."

आता तेच वाक्य ठेकेदार विठ्ठलरावांनी परवानगीसाठी करवून घेतलेल्या अहवालात बसलं होतं. विठ्ठलरावांना ओढ्याच्या वरची डोंगराची बाजू खडी क्रशरसाठी हवी होती. तिथे सुरुंग लागले की ओढा जिथून निघतो ती कपारच राहणार नव्हती. उन्हाळ्यात वाडीतल्या विहिरींना कोरड पडली तरी त्या कपारीतून पाणी येत असे. छबुबाईची शेरडं आणि सगळ्या वाडीची मेंढरं त्याच पाण्यावर जगत. वाडीने हरकतीचा अर्ज केला होता आणि त्यावर पहिला अंगठा छबुबाईचा होता. परवानगी देणाऱ्या सरकारी समितीने म्हटलं होतं की हा दुर्मिळ खेकडा इथे पिलं घालत असेल तर डोंगराला हात लावता येणार नाही. नुसता येत-जात असेल तर लावता येईल. आणि तो नुसता येत-जात असतो, असं वनमालानेच लिहून ठेवलं होतं.

"आत्याबाई, मला एक धरून द्या. लेकुरवाळी. एकच."

छबुबाईने पाण्यात हात विसळले.

"तुझ्या लेकीला, सायलीला कितवा चाललाय?"

"सातवा सरत आलाय. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"तू शिकलेली हाईस, तुला दिसत न्हाई संबंध. मला दिसतो."

"आत्याबाई, डोंगर चाललाय हातचा."

"मला नगं सांगू काय चाललंय. मपली शेरडं जगत्यात ह्या पाण्यावर." छबुबाई काठावर आली, सुनेच्या शेजारी बसली आणि आवाज खाली आणून बोलू लागली. "हे बघ. आमी खेकडे खातो. सर्दी-पडशाला रस्सा करतो, कंबर धरली तर करतो. पर आदी उताणा करून बघायचा. मपल्या सासूनं मला ह्याच दगडावर शिकवलं. पदरात लेकरं असलेली जिनं धरली, तिनं कुणाच्या लेकराला हात लावू न्हाई. लावला तर त्या लेकराचं बरं व्हत न्हाई. माझ्या घरात पोरगी भरल्या पोटाची बसलीय, आन् तू मला म्हणतीस धर."

"हे सगळं मनाचं असतं हो."

"असू दे की. मन बी मपलंच हाय."

वनमालाला राग आला. सासूचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि स्वतःवरचा राग काढायला जागा नसल्यामुळे ती चप्पल काढून पाण्यात उतरली. पहिल्या दगडाखाली काही नव्हतं. दुसऱ्या दगडाखालच्या नराने तिच्या बोटाचा असा समाचार घेतला की ती ओरडली. तिसरा दगड तिच्याने हललाच नाही. अंधार पडेपर्यंत तिने अर्धा ओढा उचकटला आणि तिच्या हाती फक्त नर लागले. छबुबाई काठावर बसून बघत होती. हसली नाही. निघताना एवढंच म्हणाली,

"दगूड परत जागेवर ठिव. त्येंची घरं हायेत ती."

वनमाला दगड जागेवर ठेवत गेली. ठेवता ठेवता मागे न बघता म्हणाली,

"एक मेली तर बाकीच्या राहतील, आत्याबाई. एवढाच हिशोब आहे."

छबुबाई बादली उचलून वाटेला लागली.

अहवाल तयार करणारा अभिमन्यू हा वनमालाचाच विद्यार्थी होता. हुशार होता, अजूनही भेटला की वाकून नमस्कार करायचा. पुण्याच्या कुठल्या तरी सल्लागार कंपनीत लागला होता आणि बोलण्यात एक नवा गुळगुळीतपणा आला होता. दुसऱ्या दिवशी वनमालाने त्याला फोन लावला.

"अभिमन्यू, ते वाक्य काढ. चुकीचं आहे ते."

"मॅडम, वाक्य तुमचंच आहे."

"म्हणूनच सांगतेय. ओढ्यात पिलांच्या माद्या आहेत. आमच्या आत्याबाई त्या धरतच नाहीत, सोडून देतात. म्हणून बरणीत आल्या नाहीत. काल एक सोडताना मी डोळ्यांनी पाहिली."



"मॅडम, पाहिली म्हणून कसं लिहू? नमुना लागतो, नोंद लागते."

"फोटो दिला तर?"

"फोटो कुठल्याही ओढ्यातला असू शकतो. बरणीत नमुना पाहिजे, आत चिठ्ठी पाहिजे, ठिकाण, तारीख, संकलक. हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत." मग मऊ होऊन म्हणाला, "अहवाल अजून माझ्याकडे आहे. जाण्याआधी नमुना आला तर मी घालतो. शब्द देतो."

वनमालाने फोन ठेवला आणि कपाट उघडलं. बरण्या ओळीने उभ्या होत्या. सगळे खेकडे एकाच ओढ्यातले, एकाच बाईने धरलेले. शास्त्र म्हणून तिने ज्या बरण्यांकडे इतकी वर्षं पाहिलं, त्यांत एका म्हातारीची दया साठली होती. ती दया तिला आज नको होती. नंतरचे काही दिवस ती या कपाटाकडे न बघता वर्गावर जात राहिली.

श्रावण संपता संपता एका दुपारी शिपायाने येऊन सांगितलं, की बाहेर कुणी म्हातारी आली आहे, आत या म्हटलं तर येत नाही.

छबुबाई संग्रहालयाच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. पायाशी बादली, बादलीवर ओलं गोणपाट. एसटीने आली होती. बादली सांडू नये म्हणून सगळा रस्ता ती मांडीवर धरून बसली असावी, लुगडं पुढून ओलं होतं.

"आत्याबाई, घरी जायचं ना आधी. सायली घरीच आहे."

"घरी न्हाई यायची मी." तिने पायानेच बादली पुढे सारली. "धर. एक मेली तर बाकीच्या राहतील म्हणालीस ना तू?"

वनमालाने गोणपाट उचललं. चार बोटं पाण्यात एक तांबूस मादी बसली होती. झडप पोटाशी घट्ट नव्हती, फुगलेली होती, आणि कडेने बारीक बारीक पाय हलत होते.

"लई इचार केला," छबुबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "पाणी गेलं तर शेरडं ईकावी लागतील. वाडी उठंल. मी म्हातारी झाले, मला आता कुणाची लेकरं घ्यायचीत? आन् घेतली न्हाईत तर न्हाईत."

वनमालाला तेव्हा तिच्या हाताला धरून थांबवता आलं असतं. बादली घेऊन परत जा, आपण दुसरं काही बघू, असं म्हणता आलं असतं. तिने बादली आत नेली.

मादीला तिने बर्फाच्या पाण्यात ठेवून सुन्न केलं, हे तिला जेवढं जमत होतं तेवढं केलं. मग चिमट्याने उचलून स्पिरिटमध्ये सोडलं. मादीने झडप पोटाशी ओढून घेतली. एवढी सुन्न असूनही ओढून घेतली. थोड्या वेळाने ती ढिली झाली आणि आतली पिलं सुटून हळूहळू तळाशी जाऊ लागली. वनमालाने वर पाहिलं तर छबुबाई अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती आणि सगळं बघत होती.

"लेकरं बी?"

"हो," वनमाला म्हणाली. "लेकरंच तर लागतात."

तिने चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली. ठिकाण लिहिलं. तारीख लिहिली. पुढे लिहिलं : मादी, पिलांसह.

"मपलं नाव नगं घालू त्यात."

"घालावं लागतं, आत्याबाई. धरणाऱ्याचं नाव नसलं की नोंद खोटी समजतात."

"इतक्या बरण्यांत घातलंस, मी कधी काय बोलले का? ह्यात नगं."

वनमाला थांबली. मग नेहमीच्या अक्षरात तिने लिहिलं, संकलक : छबुबाई, आणि चिठ्ठी आत सोडून बूच घट्ट बसवलं. तिला वाटलं, एवढं केल्यावर आता कागदात खोट राहायला नको.

छबुबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पेन्सिल किती वेळ चालली ते कळत होतं.  बाहेरच्या नळाला जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पदराला न पुसता तसेच झटकले आणि स्टँडच्या वाटेला लागली. वनमालाचं घर गल्ली सोडून पुढच्याच चौकात होतं, तिथे बाळंतपणाला आलेल्या सायलीला न बघताच ती गेली.

अभिमन्यूने शब्द पाळला. स्वतः येऊन बरणी पाहिली, फोटो काढले, नोंदीचा क्रमांक उतरवून घेतला. वनमाला कित्येक दिवसांनी नीट जेवली. तानाजीने वाडीला फोन करून सांगितलं की आईमुळे काम झालं म्हणून समजा.

गणपती बसले, उठले. मग समितीचा निर्णय आला आणि अभिमन्यूचा फोन आला.

"मॅडम, नमुना अमान्य झाला."

"का?"

"एकतर हरकतींची नोटीस निघाल्यानंतरचा आहे. तेवढं चालून गेलं असतं. पण संकलक म्हणून ज्यांचं नाव आहे, त्याच हरकतीच्या अर्जात पहिल्या आहेत. विठ्ठलरावांच्या वकिलाने तेच धरलं. म्हणाला, यांना निकाल आपल्या बाजूने हवा आहे, यांनी मादी कुठूनही आणली असेल."

वनमाला उठून कपाटापाशी गेली.

"आणि आधीच्या बरण्या? त्याही त्यांनीच धरल्यात. माझा सगळा लेख त्यांनी धरलेल्या खेकड्यांवर उभा आहे. त्या खोट्या नाहीत?"

"त्या मान्य आहेत, मॅडम," अभिमन्यू हळूच म्हणाला. "त्या वेळी अर्ज नव्हता."

तिने त्याला खूप बोलून घेतलं. मग त्याचा काही दोष नाही हेही तिला माहीत होतं, म्हणून जास्तच बोलून घेतलं. तो ऐकून घेत राहिला. शेवटी "ठेवतो मॅडम," असं फोनवर म्हणतात तसं म्हणाला आणि फोन बंद झाला.

दसऱ्याच्या आत सुरुंग लागले. वनमाला एकदाच जाऊन आली. कपारीच्या जागी पांढरी भिंत उघडी पडली होती आणि ओढ्यात खडीची भुकटी दुधासारखी साचली होती. दगड उलथून बघायला आता दगडच सापडत नव्हते. वाडीतल्या काही लोकांना क्रशरवर काम लागलं होतं, ते तिच्याशी नीट बोलले, चहा घ्या म्हणाले. छबुबाई शेरडं घेऊन लांबच्या तळ्याकडे गेली होती. तिची गाठ पडली नाही.

सायलीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, माहेरी, सगळं सुखरूप पार पडलं. पोरगी गोरीगोमटी, रडायला खणखणीत. बाराव्या दिवशी बारसं ठेवलं. सायलीच्या सासरची मंडळी आली, शेजारणी आल्या, घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. छबुबाईला आणायला तानाजी स्वतः गेला होता. ती आली, दाराजवळच्या सतरंजीवर बसली आणि पोरीला लांबूनच पाहून म्हणाली, "झ्याक हाय."

"जवळ या की पणजीबाई," कुणीतरी म्हणालं.

"इथनं दिसतंय."

पाळण्याची वेळ झाली. बाळ आधी पाळण्याच्या वरून आणि खालून एका बाजूच्या बाईने द्यायचं, दुसरीने घ्यायचं, अशी रीत. एका बाजूला आजी म्हणून वनमाला उभी राहिली. दुसऱ्या बाजूला घरातली सगळ्यात मोठी बाई हवी म्हणून बायकांनी छबुबाईला हाताला धरून उठवलं, जवळजवळ ढकलतच आणलं. ती येऊन उभी राहिली.

वनमालाने पोरीला दुपट्यात घेतलं, वाकली आणि पाळण्याखालून पुढे केलं.

पलीकडून हात आले नाहीत.

वनमाला तशीच वाकून राहिली. पाळण्याखालून तिला सासूचं लुगडं दिसत होतं, भेगाळलेली पावलं दिसत होती. हात पदराखाली होते. दोन्ही हात पोटाशी पदराखाली घट्ट धरलेले होते.

"घ्या की आत्याबाई," ती खालूनच म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला उभं कर."

बायका हसल्या, त्यांना वाटलं म्हातारी लाजते आहे. वनमाला बाळाला घेऊन सरळ झाली, पाळण्याला वळसा घालून सासूजवळ गेली आणि तिच्या कानाशी बोलली.

"आत्याबाई, तुम्ही नुसती आणून दिलीत. स्पिरिटमध्ये मी टाकली. काही असलंच तर ते माझ्या माथी."

छबुबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "म्हून तर पोर जलमल्यापासनं मला झोप न्हाई. तू तिला रोज न्हाऊ घालतीस."

वनमालाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. वर्गात ती पोरांना हेच शिकवायची, की पुरावा नसेल ते मानायचं नाही. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी झोपेत ओठ हलवत होती, दुपट्याबाहेर आलेली तिची बोटं मिटत होती आणि उघडत होती.

"आई, काय झालं?" सायलीने विचारलं.

"काही नाही," वनमाला म्हणाली. "हात भरून आले जरा."

तिने पोर सायलीच्या सासूच्या हातात दिली आणि मागे सरकून दाराजवळच्या सतरंजीवर छबुबाईच्या शेजारी जाऊन बसली. पाळणा हलू लागला, बायका गाऊ लागल्या. वनमालाने आपले हात पदराखाली घेतले.